जाहिरात, कापडाची : पालम व गोदाकाठचा प्रदेश

वस्त्रप्रावरणांचे रंग, पोत, टिकाऊपणा, किंमत व त्यांच्या उपयोगाचे प्रसंग गिऱ्हाइकाच्या ध्यानी यावेत आणि त्याचे पाऊल दुकानाकडे वळावे, या हेतूने योजलेल्या चित्र, शब्द, ध्वनी, प्रदर्शन व प्रत्यक्ष परिधान अशा सर्व उपायांचा समावेश कापडाच्या जाहिरातीत होतो. वस्त्राची खरेदी गरज, हौस, प्रतिष्ठा आणि नातेसंबंध या चारही प्रेरणांतून होत असल्यामुळे कल्पकतेला या क्षेत्रात जेवढा वाव मिळतो, तेवढा अन्य थोड्याच जिनसांच्या बाबतीत मिळतो. प्रस्तुत नोंदीत परभणी जिल्ह्यातील पालम व त्याच्या परिसराच्या संदर्भात या उपायांचा परामर्श घेतला आहे.

बाजारपेठ : परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी एकाचे ठाणे असलेले पालम हे गाव गंगाखेडहून लोहामार्गे नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर वसले असून, सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता. गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत येथे कपाशी पिकते. परंतु ती सरकी काढून, गाठी बांधून बाहेरगावी रवाना होते आणि इचलकरंजीचे किंवा मालेगावचे तयार कापड होऊन परत येते. ज्या कापसाची वेचणी आपण केली त्याचेच वस्त्र परक्या छापाखाली विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला सुताची पारख जन्मजातच असते, व म्हणून त्याच्यापुढे कापड मांडणाऱ्या दुकानदाराला केवळ शब्दांवर भागवता येत नाही. खरेदीचे हंगामही ठरलेले आहेत : लगीनसराईतील बस्ता, माहेरवाशिणींची नागपंचमी, कपाशी-सोयाबीनचा पैसा हाती येण्याच्या सुमारास येणारी दिवाळी, आणि वर्षभर चालणारे टॉवेल-टोपीचे, लुगडे-चोळीचे आहेर. यांतील बहुतेक खरेदी स्वतःसाठी नसून दुसऱ्याला देण्यासाठी असते, ही गोष्ट या प्रदेशातील जाहिरातीचे स्वरूप समजून घेताना सर्वांत महत्त्वाची आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या ठाणांवर देवदेवता, राजेरजवाडे व पशुपक्षी यांची रंगीत चित्रे असलेली टिकटे चिकटवलेली असत; ज्याला अक्षरओळख नाही अशा गिऱ्हाइकालाही चित्रावरून माल ओळखता यावा हा त्यांचा उद्देश असून, मुंबईच्या गिरण्यांनीही हीच पद्धत उचलली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या शिळाछापखान्याने नऊवारी नेसलेल्या देवी घरोघरच्या भिंतींवर नेल्या, आणि वस्त्र कसे शोभते याचा एक आदर्श, विक्रीचा हेतू नसतानाही, जनमानसात रुजवला. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, त्यानंतर ‘स्वदेशी’ हा शब्दच कापडाचा मोठा गुण म्हणून जाहिरातींच्या मजकुरात अग्रस्थानी आला. त्याच वर्षी मुंबईत गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात-संस्था निघाली. पुढे गांधीयुगात खादीने छापील जाहिरातीवाचून आपला प्रसार केला : हैदराबाद मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्यांच्या अंगावरचा जाडाभरडा सदरा आणि डोईवरची टोपी हेच तिचे सर्वांत प्रभावी विज्ञापन होते.

रंगभूमीचा वाटाही मोलाचा आहे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर बालगंधर्व स्त्रीभूमिकेत ज्या तऱ्हेने शालू नेसत, पदर घेत व अंबाड्यावर गजरा माळत, त्याचे अनुकरण महाराष्ट्रातील प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. प्रसिद्ध व्यक्तीच्या परिधानातून रुचीला वळण लावण्याचे हे आपल्याकडील आद्य व ठसठशीत उदाहरण होय. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि सणाची खरेदी व सणाचे वाचन एकाच हंगामात आल्याने कापडवाल्यांना वाचकांपर्यंत जाण्याचे सोयीचे साधन लाभले. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर आणि निजामाच्याच राज्यात गुलबर्ग्याला जन्मलेले एस. एम. पंडित यांच्या चित्रांच्या दिनदर्शिका पुढे व्यापाऱ्यांच्या नावानिशी वर्षभर भिंतीवर राहू लागल्या. १९६७ मध्ये विविध भारतीवर व १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, त्यानंतर ‘ओन्ली विमल’सारखी घोषवाक्ये खेड्यांपर्यंत पोचली. ठाण्यास १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंड गिरणीने तर पुढील काळात कापडाच्या गुणांची यादी देण्याऐवजी हळव्या, कुटुंबवत्सल पुरुषाचे चित्र उभे करून सुटाचे कापड विकले. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात विजेत्या गृहिणीला मिळणारी पैठणी हेही त्याच जातीचे उदाहरण : तेथे वस्त्राची स्तुती कोणी करीत नसे, तर घरातल्या कर्त्या स्त्रीचा सन्मान वस्त्राच्या द्वारे होई, आणि त्या सन्मानाचे तेज वस्त्राला चढे.

स्थानिक उपाय : तालुक्याच्या गावी सर्वांत जुनी व अद्याप सर्वांत परिणामकारक जाहिरात दुकानातील गादीवरच घडते. पांढऱ्या चादरीच्या बैठकीवर गिऱ्हाईक पाय मुडपून बसले की विक्रेता घडी केलेली साडी मनगटाच्या एका झटक्याने त्याच्यापुढे उलगडतो, काठ नखाने किंचित ताणून वीण दाखवतो, आणि वेळ पडल्यास निऱ्यांचा अंदाज यावा म्हणून पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून उभा राहतो. साडी बाकावरच्या म्हातारीच्या हाती जाते, ती दोन बोटांत कापड चोळून पाहते, आणि तिच्या मुद्रेवरून पुढचा सौदा ठरतो. बस्त्याच्या वेळी दोन्ही पक्षांची वडीलधारी मंडळी एकत्र येत असल्याने, चहा-फराळाची व्यवस्था, मानपानाच्या कपड्यांची नातेवार गठ्ठ्यांत बांधणी, ठरावीक रकमेवरील बस्त्यास नवरीचा शालू भेट, अशा सवलती जाहीर होतात. यांतील खरे चातुर्य सवलतीत नसून, विहिणीला काय शोभेल आणि करवलीला काय हवे हे न सांगता ओळखण्यात आहे.

दुकानाबाहेर पूर्वीची दवंडी जाऊन तिची जागा भोंगा बांधलेल्या रिक्षाने घेतली. बाजाराच्या दिवशी ध्वनिमुद्रित मजकूर सांगत ती सावकाश फिरते, व ज्या दुकानदारांनी हा मजकूर छापील मराठीऐवजी गावच्या बोलीत, सासू-सुनेच्या किंवा बाप-लेकीच्या संवादाच्या रूपाने बसवून घेतला, त्यांच्या भोंग्याकडे लोक कान देतात. एस.टी. स्थानकाजवळचे फलक, रंगवलेल्या भिंती आणि दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी ही अन्य साधने होत. पैकी पिशवी पुढे कित्येक महिने भाजीबाजारात फिरत राहत असल्याने तिच्यावरील खर्च सर्वांत सत्कारणी लागतो. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, तेव्हा मोकळ्या आकाशाखाली मांडलेले कापडच स्वतःची जाहिरात करते. अलीकडे दुकानातील मुलेमुली भ्रमणध्वनीवर साड्यांच्या लहान चित्रफिती काढून व्हॉट्सॲपच्या गटांतून पाठवतात. त्यांत गोऱ्या, अनोळखी प्रतिमेपेक्षा गावच्याच सावळ्या मुलीने नेसलेली साडी अधिक विश्वास मिळवते; कारण पाहणारीला आपण तशीच दिसू असे वाटते.

नियमन : जाहिरातींतील सत्यतेवर देखरेख करण्यासाठी भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झाली, ती व्यवसायाने स्वतःहून निर्माण केलेली संस्था आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दंडाची तरतूद आहे, तर सार्वजनिक जागा व भिंती विद्रूप करण्यास महाराष्ट्रात १९९५ च्या कायद्याने मनाई आहे.

मूल्यमापन : वरील सर्व उदाहरणांत एक सूत्र स्पष्ट दिसते. जी जाहिरात कापडाची केवळ वाखाणणी करते ती विस्मृतीत जाते, आणि जी देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या मधला जिव्हाळा ओळखते ती टिकते. परंतु या जिव्हाळ्याचाच गैरफायदा घेणे सर्वांत सोपे असते. यंत्रमागावर कृत्रिम धाग्यातून विणलेली साडी ‘पैठणी’ म्हणून भोंग्यावरून पुकारली जाते, तेव्हा पैठण-येवल्याच्या विणकराची हानी होतेच, शिवाय लेकीसाठी आयुष्याची पुंजी मोजणाऱ्या बापाचीही फसवणूक होते. भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण पैठणीला लाभले असले, तरी तालुक्याच्या दुकानापर्यंत ते पोचवण्याचे काम कायद्यापेक्षा दुकानदाराच्या प्रामाणिकपणाने आणि गिऱ्हाइकाच्या जागरूकतेनेच व्हावयाचे आहे. सूत कोणते, रेशीम किती, जर खरी की नकली, हे किमतीइतक्याच ठळकपणे सांगणे हा कल्पकतेचा अडसर नसून तिचा पाया आहे. आणि गिऱ्हाइकानेही दर विचारण्यापूर्वी धागा विचारण्याची सवय लावून घ्यावी.