तीस वर्षांनी पदवी

आमच्या वर्गातली एक मुलगी परवा म्हणाली, “बाई, मी वकील होणार.” मी विचारले, “तुझ्याआधी कोण झाली, ठाऊक आहे?” तिला ठाऊक नव्हते. दोष तिचा नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांना लढायांतून सवड मिळेल तेव्हा ना! म्हणून मी तिला कॉर्नेलिया सोराबजींची हकीकत सांगितली.

जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. बी.ए.ला असे यश मिळवले, की विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती हक्काने मिळावी. ती नाकारली गेली. कारण एकच, उमेदवार स्त्री! अखेर काही इंग्रज हितचिंतकांनी वर्गणी जमवून त्यांना ऑक्सफर्डला धाडले. १८९२ साली त्यांनी तिथे कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली १९२२ साली. पंचविशीतल्या परीक्षेचा कागद पंचावन्नाव्या वर्षी!

मधल्या काळात बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. पडद्यातल्या विधवा जमीनदारिणींना पुरुष वकिलासमोर तोंड उघडता येत नसे. इस्टेट मात्र कारभाऱ्यांच्या मुठीत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सतर्फे कॉर्नेलियाबाई अशा घरांत जात, त्यांचे गाऱ्हाणे ऐकत. कायदा येत होता, पण वकिलीची सनद नव्हती. १९१६ साली रेजिना गुहांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने फेटाळला, तोही स्त्री म्हणूनच.

१९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना नोंदवून घेतले. १९२३ च्या कायद्याने देशभरची आडकाठी गेली. १९२४ साली त्यांनी कलकत्त्याला वकिली मांडली. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या.

मुलीने बोटांवर हिशेब केला. “पाचच वर्षं, बाई?”