खोकल्याची बाटली

माझ्या लहानपणी आमच्या घरात क्षयाला कुणी क्षय म्हणत नसे. नानी हलक्या आवाजात म्हणायची, ‘दिक.’ उर्दूत ‘दिक करणे’ म्हणजे छळणे, जीव नकोसा करणे. संस्कृतात याच रोगाला राजयक्ष्मा म्हणतात. एका नावात राजा, दुसऱ्यात छळ. आमच्या मोहल्ल्यात राजे नव्हते. यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे लोक होते. त्यामुळे नानीचंच नाव खरं वाटायचं.

माझे मामू त्यांपैकीच एक. दवाखान्यात जाताना ते घरून रिकामी बाटली धुऊन नेत. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरून देई आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी वर चिकटवी. बाटली संपे, खोकला राही. मग पुन्हा तीच बाटली, तीच रांग. छातीचा फोटो काढायला कुणी सांगितलं, तोवर वर्ष उलटून गेलं होतं. मामू गेले तेव्हा घरची मोठी माणसं म्हणाली, ‘इलाजात हयगय केली.’ मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं.

पुढे या रोगाचा इतिहास वाचताना दोन नोंदी भेटल्या आणि मामूंकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. देशात क्षयाचे सुमारे पंचवीस लाख रुग्ण आणि त्यांच्यासाठी खाटा जेमतेम सहा हजार, असा तो हिशेब होता. त्या काळी इलाज म्हणजे सॅनेटोरियम. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी. गरिबाने हे आणायचं कुठून?

तोवर नवी औषधं आली होती. म्हणून १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. भारतीय आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदा, मद्रास सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तो केला. शहराच्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना घरीच गोळ्या दिल्या. वर्षभर औषधं तीच, आयसोनायझिड आणि पीएएस. यातल्या पीएएसची मात्रा मोठी, खाल्ल्यावर मळमळायचं. गोळ्या खरोखर घेतल्या जातात का, हे पाहायला आरोग्यसेविका अचानक घरी येत, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत. रोग्याला हा पहारा नकोसाही वाटला असेल. पण कुणीतरी त्याच्या दारात येत होतं, एवढं खरं.

घरी राहिलेल्यांचं खाणं तोकडं, खोली अंधारी, विश्रांती कमी. त्यांचं वजनही कमी वाढलं. तरीसुद्धा वर्षाअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. घरातल्या माणसांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, त्यांनाही जास्तीचा धोका दिसला नाही. लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. १९५९ साली पहिल्या वर्षाचे निष्कर्ष छापून आले आणि जगभर सॅनेटोरियमचे दिवस भरत आले. रोग्याची ताटं-वाट्या वेगळ्या काढायला नकोत, त्याला घरापासून तोडायला नको, हे गरिबांच्या खोल्यांनीच सिद्ध केलं.

दुसरी नोंद कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्याची. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तिथल्या खेड्यांतल्या क्षयरोग्यांना विचारलं, ‘तुम्हाला त्रास जाणवला तेव्हा काय केलंत?’ १९६३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेड्यातला माणूस अडाणी, तो आपण होऊन इलाजाला येत नाही, अशी शहाण्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेकांना आपलं दुखणं कळलेलं होतं. जवळपास निम्मे तर आरोग्यकेंद्राच्या पायऱ्या चढून आले होते. तिथून त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली!

ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर मामूंची बाटली होती आणि तिच्यावरची कागदी पट्टी.

साध्या दवाखान्यातच खोकणाऱ्याचा बेडका तपासावा आणि तिथेच औषध द्यावं, असा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ सालीच आखला गेला होता. कागदावर तो नेमका होता. पण तो आमच्या गावच्या रांगेपर्यंत पोचला नाही. १९९७ पासून डॉट्स आलं, आरोग्यसेवकासमोर गोळी गिळायची पद्धत. २००६ पर्यंत ती देशभर पोचली आणि पुष्कळ जीव वाचले. पण गोळीसाठी केंद्रावर जायचं म्हणजे कित्येकांचा अर्धा रोज बुडायचा. औषधाच्या जोडीला अन्नही लागतं, हे सरकारी हिशेबात उशिरा आलं. पोषणासाठी महिना पाचशे रुपये २०१८ मध्ये सुरू झाले, ते २०२४ मध्ये हजार झाले.

रोगी मधेच औषध सोडतो तेव्हा आजही पटकन शब्द येतो, ‘बेफिकीर.’ तो शब्द उच्चारण्याआधी एवढंच विचारावं, की हा माणूस पहिल्यांदा आला होता तेव्हा आपण त्याच्या हातात काय दिलं होतं?

माझ्या मामूंनी हयगय केली नव्हती. ते दर वेळी बाटली धुऊन, वेळेवर रांगेत उभे होते.