कॅथलिक माध्यमिक शाळा : विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य आणि समूहजीवन

कॅथलिक शाळेचे वेगळेपण नेमके कशात, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शिस्त, निकाल आणि इंग्रजी या तीन शब्दांत दिले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे उत्तर मात्र निराळे आहे. ख्रिस्ती शिक्षणाविषयी २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात परिषदेने शाळेतील वातावरणाला अग्रस्थान दिले. शुभवर्तमानातील स्वातंत्र्य आणि प्रीती यांनी भारलेला एक समूह निर्माण करणे हे कॅथलिक शाळेचे खास लक्षण होय, असा त्या विवेचनाचा आशय आहे. पुढे १९७७ साली कॅथलिक शाळेविषयी निघालेल्या रोमच्या दस्तऐवजानेही हेच सूत्र विस्ताराने मांडले. त्यामुळे आज ज्याला विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य म्हणतात, तो आपल्या शाळांसाठी बाहेरून आलेला विषय नाही.

या परंपरेतील सर्वांत मोठा शिक्षक म्हणजे संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८). इटलीतील ट्युरिन शहरात बेवारस व श्रमिक मुलांमध्ये काम करताना त्यांनी जी पद्धत घडवली, ती ‘प्रतिबंधक पद्धती’ म्हणून ओळखली जाते. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. मुलगा चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, चुकण्याची वेळच येऊ नये म्हणून शिक्षकाने त्याच्या सान्निध्यात राहावे, हा तिचा गाभा. १८७७ सालच्या आपल्या छोटेखानी निबंधात त्यांनी मारणे, कान ओढणे, वेदना होतील अशा रीतीने गुडघ्यांवर बसवणे या शिक्षा सर्वस्वी टाळाव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यांनी दिलेली कारणेही पाहण्यासारखी आहेत : कायद्याने त्यास मनाई आहे, मुले चिडतात, आणि शिक्षक स्वतः हीन ठरतो.

भारतात शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असे ठरले, आणि २०२५ साली तो निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठापुढे नेण्याचा मार्ग न्यायालयानेच मोकळा केला. अल्पसंख्याकांच्या घटनादत्त हक्काचे जतन व्हायलाच हवे. परंतु त्या हक्काच्या आडोशाने एखाद्या कॅथलिक शाळेत छडी टिकून राहिली, तर ती संत जॉन बॉस्कोंची शाळा म्हणवून घेण्यास पात्र नाही.

१८८४ च्या मे महिन्यात त्यांनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. त्यात ते एका स्वप्नातील दोन मैदानांचे वर्णन करतात. पहिल्या मैदानावर धर्मगुरू मुलांबरोबर धावताहेत, हसताहेत. दुसऱ्यावर मुले भिंतींना टेकून कंटाळलेली उभी आहेत आणि मोठी माणसे आपापसांत बोलत आहेत. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे, हा त्या पत्राचा निष्कर्ष. मधल्या सुट्टीत आपल्या शाळेतील शिक्षक कुठे असतात, एवढे पाहिले तरी त्या पत्राची कसोटी लावता येते.

समूहजीवनाची बाकीची साधने परिचयाची आहेत. सकाळचा परिपाठ, चार ‘हाऊस’, क्रीडामहोत्सव, ‘यंग कॅथलिक स्टुडंट्स’सारखी चळवळ. हाऊसचा खरा उपयोग अभ्यासात मागे असलेल्या मुलाला होतो. रस्सीखेचीत दोर धरायला गुणपत्रिका लागत नाही. परिपाठाबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या बहुतेक शाळांत मोठ्या संख्येने विद्यार्थी इतर धर्मांचे असतात. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात परिपाठाच्या वेळी संविधानाची उद्देशिका वाचावी आणि अन्य धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, असे सांगितले आहे.

आता अधिक गंभीर भागाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि हा राज्यनिहाय आकडा सर्वांत मोठा होता. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर दुवा जोडावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, आणि गुणांच्या आधारे तुकड्या पाडणे व चारचौघांत पाणउतारा करणे टाळावे, अशा त्या सूचना आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘आमच्याकडे फादर आहेत, सिस्टर आहेत, वेगळा समुपदेशक कशाला?’ असे व्यवस्थापन समितीत सहज म्हटले जाते. धर्मगुरू आध्यात्मिक आधार देऊ शकतो. परंतु खोल नैराश्य हा आजार आहे, आणि त्यावर उपचार करणे हे त्याचे प्रशिक्षण नव्हे. शिवाय जो शिक्षा करू शकतो, दाखला देतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीलच असे नाही. ख्रिस्तसभेला ही अडचण ठाऊक आहे. धर्मविधिसंहितेच्या ९८५ व्या नियमानुसार शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने त्याच निवासात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन, विशिष्ट प्रसंगी त्यांनी स्वतःहून मागितल्याखेरीज, ऐकू नये. अधिकार आणि अंतःकरण यांत अंतर राखण्याचा हा शहाणपणा वसतिगृहापुरता न ठेवता शाळेच्या कार्यालयातही यावा.

गुप्ततेलाही मर्यादा आहेत. पापनिवेदनाची मुद्रा अभंग असते. पण शाळेच्या वऱ्हांड्यात वा समुपदेशन कक्षात कळलेली गोष्ट पापनिवेदन नव्हे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती वा शंका असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ अन्वये एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ‘आधी संस्थेच्या पातळीवर पाहू’ या वाक्याला कायद्यात जागा नाही. शाळेच्या नावापेक्षा मूल मोठे आहे.

पालकांनी व वर्गशिक्षकांनी दोन क्रमांक जवळ ठेवावेत : मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली मानसिक आरोग्याची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत. झोप व भूक उडणे, मित्रांपासून तुटणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसतो तर बरे’ असे बोलणे, यांना नाटक समजू नये. त्या मुलाला एकटे न सोडता शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने हा विचार त्याच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे.

सर्वांत नाजूक दिवस दहावीच्या निकालाचा. त्या दिवशी प्रवेशद्वारावर गुणवंतांचे फलक लागतात आणि अनुत्तीर्ण विद्यार्थी मागच्या रस्त्याने घरी जातो. त्यांची यादी शाळेला दुपारीच मिळते. वर्गशिक्षकांनी ती वाटून घेऊन संध्याकाळच्या आत प्रत्येक घरी फोन करावा, पुरवणी परीक्षेच्या अर्जाची माहिती द्यावी, आणि आई-वडिलांशी बोलून झाल्यावर दोन मिनिटे मुलाशीही बोलावे.