फोब्जिखा : क्रौंच पक्ष्यांसाठी विजेच्या तारा जमिनीखाली घालणारे खोरे

भूतानच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० मीटर उंचीवर फोब्जिखा नावाचे एक रुंद खोरे आहे. हिमनदीने कोरलेल्या या खोऱ्याच्या तळाशी पाणथळ आहे. तिच्या कडेने बटाट्याची शेते आणि घरे आहेत आणि वरच्या टेकाडावर एक मोठा गोंपा म्हणजे बौद्ध मठ आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच पक्षी इथे उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. गेल्या काही वर्षांत एका हिवाळ्यात इथे चारशेहून अधिक क्रौंच आल्याच्या नोंदी आहेत.

बौद्ध लोक अहिंसा पाळतात म्हणून हे पक्षी टिकले, असे आपण पटकन म्हणून जातो. ते खरे आहे, पण अर्धेच. शिकार न करणे ही एक गोष्ट झाली. पक्ष्याला राहायला जागा ठेवणे ही वेगळी आणि बरीच महागडी गोष्ट आहे. फोब्जिखातल्या लोकांनी ही दुसरी गोष्ट कशी केली, ते या लेखात पाहू. तिथे जायचे असेल तर कधी आणि कसे जावे, हेही शेवटी दिले आहे.

काळ्या मानेचा क्रौंच कसा असतो?

जगात क्रौंच कुळातल्या १५ जाती आहेत. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतांत दिसणारा सारस त्याच कुळातला. काळ्या मानेचा क्रौंच मात्र बाराही महिने उंच, थंड प्रदेशात राहणारा एकमेव क्रौंच आहे. रशियन संशोधक निकोलाय प्रझेवाल्स्की यांनी १८७६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. क्रौंचाच्या सर्व जातींमध्ये विज्ञानाला सर्वांत उशिरा कळलेली जात हीच.

अंग राखाडी-पांढरे, डोके, मान आणि शेपटी काळी, डोक्यावर लाल ठिपका आणि उंची साधारण माणसाच्या छातीपर्यंत, असे त्याचे रूप. उन्हाळ्यात तो तिबेटच्या पठारावर आणि थोड्या संख्येने लडाखमध्ये घरटी करतो. काळ्या मानेचा क्रौंच हा लडाखचा राज्यपक्षी आहे. मादी बहुधा दोन अंडी घालते. पिल्लू पहिला हिवाळा आईबापांसोबतच काढते. त्याच्या डोक्यावर आणि मानेवर पिवळसर तपकिरी पिसे असतात, त्यामुळे थव्यात तीन पक्ष्यांचे कुटुंब सहज ओळखता येते.

जगात या जातीचे दहा हजारांहून अधिक पक्षी आहेत. २०२० मध्ये जागतिक लाल यादीत तिला 'असुरक्षित' गटातून काढून 'धोक्याच्या जवळ' या कमी गंभीर गटात ठेवण्यात आले. संकटातल्या पक्ष्यांबाबत अशी चांगली बातमी क्वचितच ऐकू येते.

पक्षी खरोखर गोंप्याला तीन प्रदक्षिणा घालतात का?

टेकाडावरचा गांगते गोंपा १६१३ मध्ये स्थापन झाला. संत पेमा लिंगपा यांचे नातू ग्याल्से पेमा थिनले हे त्याचे संस्थापक. भूतानमधल्या न्यिंगमा परंपरेच्या मोठ्या गोंप्यांमध्ये त्याची गणना होते. खोऱ्यात येताना आणि परत जाताना क्रौंच या गोंप्याला तीन प्रदक्षिणा घालतात, असे इथले लोक सांगतात.

पक्षी घिरट्या घालतात, हे कोणीही पाहू शकते. त्यामागे साधे कारण आहे. एवढ्या जड पक्ष्याला नुसते पंख मारत डोंगर ओलांडणे परवडत नाही. ऊन वाढले की उतारांवरून गरम हवा वर चढते आणि तिच्यात गोल फिरत फिरत क्रौंच उंची गाठतात. गोंपा नेमका उंचवट्यावर असल्याने त्या घिरट्या त्याच्या डोक्यावर दिसतात. कधी तीन, कधी जास्त.

हे कारण कळले म्हणून श्रद्धेचे महत्त्व कमी होत नाही. भूतानमध्ये घराच्या भिंतींवर दीर्घायुष्याची सहा प्रतीके रंगवतात : वृद्ध पुरुष, झाड, खडक, पाणी, हरिण आणि क्रौंच. ज्या पक्ष्याचे चित्र घरच्या भिंतीवर आहे आणि जो आल्यावर देवदर्शन घेतो असे आजी सांगते, त्याच्यावर कोणी दगड उचलत नाही. स्थानिक भाषेत त्याला 'थ्रुंग थ्रुंग कर्मो' म्हणतात.

पण जागेचे काय?

खरी अडचण इथून सुरू होते. क्रौंचाला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे रातथाऱ्यासाठी उथळ पाणी. रात्री तो पाण्यात उभा राहतो, म्हणजे कोल्हा किंवा बिबट्या जवळ आला की पाण्याच्या आवाजाने कळते. दुसरे म्हणजे दिवसा चरण्यासाठी मोकळी जमीन, जिथे मुळे, कंद, सांडलेले धान्य आणि किडे मिळतात.

नेमकी हीच सपाट, ओली जमीन माणसालाही हवी असते. फोब्जिखाचे मुख्य नगदी पीक बटाटा. तो फुंतशोलिंगच्या लिलावात जातो आणि भारतीय व्यापारी तो विकत घेतात. पाणथळीचा निचरा करून शेती वाढवण्याचा विचार १९८० च्या दशकात झाला होता. क्रौंचांचा हिवाळी मुक्काम धोक्यात येईल म्हणून तो सोडून देण्यात आला. पक्ष्यासाठी खोऱ्याने दिलेली ही पहिली मोठी किंमत.

दुसरी किंमत विजेची. खोऱ्यात वीज आणायची तर खांब आणि तारा आल्या. धुक्यात किंवा संधिप्रकाशात खाली उतरणाऱ्या मोठ्या पक्ष्यांना तारा दिसत नाहीत. तारांना धडकणे हे क्रौंचांच्या मृत्यूचे जगभर आढळणारे कारण आहे. शेजारच्या भागात दिवे लागले तरी फोब्जिखाला थांबावे लागले. शेवटी जास्तीचा खर्च करून तारा जमिनीखालून नेण्यात आल्या. आज खोऱ्याच्या मधल्या भागात उभे राहिलात तर नजरेला एकही तार आडवी येत नाही. एवढे मोकळे आकाश आपण किती दिवसांनी पाहतो आहोत, हे मग लक्षात येते.

माणसे नसती तर पक्षी जास्त सुखी असते का?

बहुधा नाही. पाणथळीत बुटका बांबू दाट वाढतो. उन्हाळ्यात गावची गुरे आणि घोडी त्याचे शेंडे खातात, म्हणून तो खुरटा राहतो. हिवाळ्यात गुरे कमी होतात आणि क्रौंच त्याच जागेत चोच खुपसून मुळे उकरतात. बटाटाही क्रौंच यायच्या आधी निघालेला असतो. एकाच जमिनीवर दोघे पाळीपाळीने राहतात. बरीच कुटुंबे तर थंडीच्या दिवसांत खालच्या उबदार भागात जातात, म्हणजे पक्षी येतात तेव्हा काही माणसे स्वतःच स्थलांतरावर असतात.

म्हणूनच इथले संरक्षण कुंपण घालून आणि गाव हलवून केलेले नाही. 'रॉयल सोसायटी फॉर प्रोटेक्शन ऑफ नेचर' ही १९८७ मध्ये स्थापन झालेली संस्था गावकऱ्यांना सोबत घेऊन काम करते. तिने खोऱ्यात माहिती केंद्र उभारले आहे. तिथल्या मोठ्या दुर्बिणींतून पक्षी पाहता येतात. १९९८ पासून दर ११ नोव्हेंबरला गोंप्याच्या अंगणात क्रौंच महोत्सव भरतो. शाळेतली मुले क्रौंचाचा वेष घालून नाचतात. गावकरी हस्तकलेच्या वस्तू विकतात. पक्ष्यामुळे चार पैसे गावात यावेत, हा त्यामागचा सरळ हेतू. २०१६ मध्ये या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

सगळे सुरळीत आहे का?

नाही. रानडुकरे बटाट्याची नासाडी करतात आणि शेतकऱ्याला रात्री राखण करावी लागते. भटकी कुत्री अशक्त किंवा लहान पक्ष्यांवर हल्ला करतात. पर्यटक वाढले तशी हॉटेले आणि रस्ते वाढले. त्यांना लागणारी जमीन, पाणी आणि त्यांचा कचरा, हे सगळे शेवटी त्याच खोऱ्यात सामावायचे आहे. तरुण मुले शिकून थिंफूला किंवा परदेशी जातात. गुरे पाळणारे हात कमी झाले तर बांबू कोण खुरटा ठेवणार, हा प्रश्न श्रद्धेने सुटणारा नाही.

भारतातही हा ताण दिसतो. अरुणाचल प्रदेशातल्या झेमिथांग भागात मोनपा बौद्ध लोक राहतात. तिथेही थोडे काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यात येतात. न्यामजांग छू नदीवरच्या ७८० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पामुळे त्यांची जागा जाईल, अशी भीती निर्माण झाली. स्थानिक संघटनेने दाद मागितली आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. फोब्जिखात जे सहमतीने झाले, त्यासाठी इथे न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले.

फोब्जिखाला कधी आणि कसे जावे?

* काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. महोत्सव पाहायचा तर ११ नोव्हेंबर, पण त्या दिवसांत गर्दी असते. जानेवारीत बर्फ पडतो आणि रात्री पारा शून्याखाली जातो.
* मार्ग : विमानाने पारो, किंवा बागडोगरापर्यंत विमान आणि पुढे रस्त्याने जयगाव-फुंतशोलिंग. थिंफूहून दोचू ला ही खिंड ओलांडून वांगडूमार्गे फोब्जिखाला पोहोचायला साधारण अर्धा दिवस लागतो.
* कागदपत्रे : भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आधार कार्डावर विसंबू नका.
* शुल्क : भारतीय प्रौढ पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. राहणे, जेवण आणि गाडी वेगळी. नियम अधूनमधून बदलतात, निघण्यापूर्वी तपासून घ्या.
* मुक्काम : शक्यतो गावातल्या घरी राहा. बुखारीची ऊब आणि बटाटा-चीजची 'केवा दात्शी' मिळते, शिवाय पैसे थेट त्या घरात जातात.

तिथे कसे वागावे?

पायवाट सोडून पाणथळीत उतरू नका. पक्ष्याने चरणे थांबवून मान वर केली की तुम्ही जास्त जवळ गेला आहात, तिथूनच मागे फिरा. भडक कपडे आणि मोठ्याने बोलणे टाळा. परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. गोंप्यात टोपी आणि पादत्राणे काढा, प्रदक्षिणा उजवीकडून घाला आणि आतल्या देवळात फोटो काढू नका.

सकाळी थवा रातथाऱ्यावरून उठतो आणि संध्याकाळी परत उतरतो, या दोन वेळा सर्वांत चांगल्या. उरलेला दिवस गावासाठी ठेवा. तारा जमिनीखाली जाण्याआधीचे दिवस कसे होते, ते घरमालकाला विचारा. एका पक्ष्यासाठी इतकी वर्षे वाट पाहणे कसे वाटले, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्याच्याच तोंडून ऐकलेले बरे.