एसयूव्हीचे टायर बदलताना

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक घरांत चर्चा दोनच गोष्टींची होते: कोणत्या कंपनीचे घ्यायचे आणि केवढ्याला पडतील. एसयूव्हीच्या बाबतीत त्यात रूपाची भर पडते. थोडे रुंद, दांडगे टायर बसवले की गाडी उठून दिसते, असा मोह पडतो. वस्तुतः गाडीला कोणता टायर हवा, याचे उत्तर जुन्या टायरच्या कडेवरच उमटवलेले असते. ते वाचण्याचे कष्ट मात्र थोडेच जण घेतात.

उदाहरणार्थ, '२३५/६५ आर १७ १०४ एच' हा मजकूर घेऊ. २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा. 'आर' ही रेडियल बांधणीची खूण आणि १७ हा रिमचा इंचातील व्यास. इतके दुकानदार स्वतःहून पाहतो. पुढच्या '१०४ एच'कडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि सात माणसे व त्यांचे सामान वाहणाऱ्या गाडीच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. १०४ या भारांकाचा टायर ९०० किलो भार पेलू शकतो, १०० भारांकाचा ८०० किलो. म्हणजे माप तेच असूनही चार टायरमध्ये ४०० किलोंचा फरक पडतो! 'एच' ही वेगमर्यादेची खूण असून ती ताशी २१० किलोमीटर दर्शवते. 'एस' असेल तर १८०. गाडी इतक्या वेगाने कोण चालवणार, असा प्रश्न पडेल. पण ही खूण उष्णता सोसण्याच्या क्षमतेशी निगडित आहे. मूळ टायरपेक्षा वरचा भारांक आणि वरची खूण चालेल, खालची पत्करू नये.

उष्णता हाच टायरचा खरा शत्रू होय. हवा कमी असली किंवा भार जास्त असला की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू अधिक दबते, रबर तापते आणि आतल्या पोलादी तारांपासून सुटू लागते. शहरातल्या वाहतूककोंडीत हा दोष लपून राहतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची एवढी चर्चा झाली, ती याचमुळे. भर उन्हात, भरलेल्या गाडीने, ताशी १२० च्या वेगाने तासन्‌तास धावणे ही झिजलेल्या टायरची सत्त्वपरीक्षाच.

आता रुंदीच्या मोहाविषयी. २३५/६५ आर १७ आणि २३५/६० आर १८ यांचा बाहेरील व्यास जवळपास सारखा, अनुक्रमे ७३७ व ७३९ मिलिमीटर, भरतो. पण त्याच १७ इंची रिमवर २५५/६५ चा टायर चढवला तर व्यास २६ मिलिमीटरने वाढतो. मग स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी साडेतीन टक्के जास्त वेगाने धावत असते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूस घासण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

नक्षीची निवड वापरावर ठरवावी. डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यांसाठी 'एचटी', कच्च्या रस्त्यांवरही नित्य जाणे असेल तर 'एटी', आणि चिखलासाठी 'एमटी' अशी ढोबळ विभागणी आहे. आपल्याकडील कौटुंबिक एसयूव्हींपैकी बहुसंख्य गाड्या डांबर सोडतच नाहीत. त्यांना एमटी टायर बसवणे म्हणजे आवाज आणि इंधनखर्च विकत घेणे. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना तर एचटीच अधिक भरवशाचे.

दोनच टायर घ्यायचे झाल्यास ते पुढे बसवण्याची पद्धत आहे. ते मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरू लागली तर चालक वेग कमी करून गाडी सावरू शकतो, मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर एकदम बदलणे इष्ट, कारण व्यासातील फरकाचा ताण यंत्रणेवर येतो.

खाचांमधील उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला टेकले की १.६ मिलिमीटरच नक्षी उरली, असे समजावे. त्याआधीच पावसातली पकड बरीच घटलेली असते. नवा टायर घेताना आयएसआय चिन्ह आणि निर्मितीचे चार आकडे तपासावेत. '३२२५' म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलातील दरही पाहून घ्यावा.

बॅलन्सिंग व अलाइनमेंट त्याच वेळी करून घ्यावे. हवा किती भरायची हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेले असते. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा राहिलेला असतो. त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी.