उत्तीर्णतेची रेषा : परिचर्या शिक्षणातील मूल्यमापनाची प्रस्तावना

नर्सिंगमध्ये पास व्हायला किती गुण लागतात, याचे उत्तर एका वाक्यात देता येते: लेखी परीक्षेत पन्नास टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळे पन्नास टक्के. पहिल्या सत्रातल्या मुलीला हे प्रवेशाच्या आठवड्यातच पाठ झालेले असते. पण हे पन्नास गुण नेमके कशाचे, ते कोणी आणि कसे मोजले, जे पन्नास मिळाले नाहीत त्यांत काय राहून गेले, असे विचारू लागलो की एक अख्खी ज्ञानशाखा समोर उघडते. मूल्यमापनाची ही शाखा अवघड वाटते, कारण ती आकडेमोडीच्या भाषेत बोलते. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र वॉर्डात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला कळणारा आहे: या मुलीच्या हाती उद्या रात्रपाळीत माणूस सोपवता येईल का?

या प्रश्नाकडे मराठीतून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नर्सिंग महाविद्यालयांतले ट्यूटर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, विद्यार्थ्यांच्या लॉगबुकवर सही करणाऱ्या इनचार्ज सिस्टर, आणि स्वतः विद्यार्थी हे त्याचे पहिले वाचक. संख्याशास्त्र आलेच पाहिजे अशी अट नाही. परीक्षेला बसण्याचा किंवा परीक्षा घेण्याचा अनुभव पुरेसा आहे.

आधी आजचे नियम पाहू. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. एएनएम आणि जीएनएम या पदविका राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहेत. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. अभ्यासक्रमाची चौकट भारतीय परिचर्या परिषद ठरवत आली आहे. तिचे बी.एस्सी.चे सुधारित विनियम २०२१ साली राजपत्रात आले. वर्षांच्या जागी आठ सत्रे आली, श्रेयांक आले, दहा गुणांची श्रेणीपद्धत आली. पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर सर्वोच्च श्रेणी मिळते, परिचर्येच्या विषयांत पन्नासच्या खाली अनुत्तीर्ण. इंग्रजी आणि वैकल्पिक विषयांना मात्र चाळीस पुरतात. लेखी विषयाच्या शंभर गुणांपैकी पंचवीस अंतर्गत मूल्यमापनाचे आणि पंच्याहत्तर सत्रान्त परीक्षेचे. हजेरी लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्हींत किमान ऐंशी टक्के हवी, आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरून काढावीच लागते. या शेवटच्या नियमावर विद्यार्थी सर्वांत जास्त कुरकुरतात. मला मात्र सगळ्या विनियमांत तोच सर्वांत शहाणा वाटतो. वर्गातला बुडालेला तास पुस्तकातून भरून निघू शकतो. न पाहिलेली प्रसूती पाहिल्याशिवाय भरून निघत नाही.

हे नियम आले कुठून? १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून शाळा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचा दरमहा एक तक्ता भरला जाई. त्याचे दोन भाग होते. एकात वर्तन: वेळ पाळणे, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, टापटीप. दुसऱ्यात कौशल्य: जखमा बांधणे, जळवा लावणे, एनिमा देणे, बिछाना करणे, रुग्णाचे निरीक्षण. प्रत्येक बाबीपुढे उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे किंवा शून्य असा शेरा पडे. परिचर्येतली ही सुरुवातीची श्रेणीपद्धत वॉर्डात जन्मली; परीक्षेचा हॉल नंतर आला.

तो आला एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या आग्रहाने. १८८७ साली त्यांनी ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभारली आणि मागणी केली की परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी आणि ती सर्वांना समान परीक्षेवर आधारलेली असावी. नाइटिंगेल यांचा याला ठाम विरोध होता. स्वभाव, धीर, सहृदयता या गोष्टी प्रश्नपत्रिकेत मावत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. फेनविक यांचे म्हणणे असे की समान परीक्षा नसेल तर कोणीही स्वतःला नर्स म्हणवील आणि रुग्णाला फरक कळणार नाही. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नोंदणीचा कायदा केला, ब्रिटनने १९१९ मध्ये. आपल्या मुंबई प्रांतात असा कायदा १९३५ साली आला, देशपातळीवर परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा १९६६ चा.

कायद्याच्या पातळीवर फेनविक जिंकल्या. तरी नाइटिंगेल यांचा मुद्दा आजही आपल्या गुणपत्रिकेत जिवंत आहे. सत्रान्त परीक्षेचे पंच्याहत्तर गुण म्हणजे फेनविक यांची मागणी: बाहेरच्या, अनोळखी परीक्षकाने सर्वांना एकाच मापाने मोजावे. अंतर्गत मूल्यमापनाचे पंचवीस गुण म्हणजे नाइटिंगेल यांचा तक्ता: रोज जवळून पाहणाऱ्या शिक्षिकेने माणूस म्हणून तोलावे. दोन्ही मापांची आपल्याला गरज आहे, आणि दोन्ही आपापल्या परीने फसवू शकतात. या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे या ताणाभोवतीच फिरतात.

आता या शाखेच्या गाभ्याकडे येऊ. १९६३ साली रॉबर्ट ग्लेझर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा भेद मांडला. काही परीक्षा विद्यार्थ्याला इतर विद्यार्थ्यांशी ताडून पाहतात. कोण पहिला, कोण विसावा, एवढे सांगतात. काही परीक्षा त्याला ठरलेल्या निकषाशी ताडून पाहतात. हे काम याला येते की नाही, एवढे सांगतात. प्रवेश परीक्षा पहिल्या जातीची असली तर चालते, कारण जागा मोजक्या असतात. परिचर्येतली उत्तीर्णता दुसऱ्याच जातीची असायला हवी. वर्गातल्या साठही मुलींना इंजेक्शन सुरक्षित देता येत असेल तर साठही पास व्हाव्यात, आणि एकीलाही येत नसेल तर एकीनेही होऊ नये. रुग्णाला तिचा वर्गातला क्रमांक ठाऊक नसतो.

हा भेद मान्य केला की पन्नास टक्क्यांच्या नियमातली एक अडचण दिसू लागते. लेखी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळे पास व्हायला सांगून विनियमांनी एक मोठी पळवाट बंद केली आहे. लेखीत सत्तर आणि प्रॅक्टिकलला चाळीस मिळवणारीची सरासरी पंचावन्न येते, तरी ती नापास ठरते, आणि ते योग्यच आहे. पण तीच सरासरी प्रॅक्टिकलच्या आत शिरून बसते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतमजूर समोर आहे असे समजा. खान्देशात खरीप हंगामात हे नवे नाही. डॉक्टरांनी अॅट्रोपिन १.८ मिलिग्रॅम लिहिले आहे आणि अॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे तीन अॅम्प्यूल हव्यात. परीक्षार्थीने एकच भरली. बाकी तिचा बिछाना नीटनेटका, केअर प्लॅन सुबक, व्हायवातली उत्तरे चोख. चुकीचे पाच-सहा गुण कापले, तरी पन्नासपैकी चाळीसच्या वर गुण पडतात आणि श्रेणी वरची मिळते. कागदावर ती हुशार आहे. खऱ्या वॉर्डात त्या मजुराला एक तृतीयांश औषध मिळाले असते आणि त्याची छाती स्रावाने भरत राहिली असती.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. १९७५ साली डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी ऑस्की ही परीक्षापद्धती मांडली. विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर जातो, प्रत्येक टेबलावर ठरावीक वेळात एक ठरावीक काम करतो, आणि परीक्षक तयार तपासयादीवर खुणा करतो. सर्वांना तेच काम, तीच यादी. २०२१ च्या अभ्यासक्रमाने ही पद्धत आपल्याकडेही आणली आहे. यादीतल्या काही पायऱ्या आधीच अनिवार्य म्हणून नोंदवता येतात: रुग्णाची ओळख पटवणे, औषध आणि मात्रा बरोबर असणे, मार्ग बरोबर असणे, निर्जंतुकता पाळणे. यांतली एक जरी चुकली तरी बाकीचे गुण कितीही असोत, ते टेबल पुन्हा द्यावे लागेल. सरासरीने कुठे झाकायचे आणि कुठे झाकू द्यायचे नाही, हे ठरवणे हाच या शाखेतला सर्वांत मोलाचा निर्णय आहे, आणि तो शिक्षकांनी परीक्षेच्या आधी घ्यायचा असतो.

लेखी परीक्षेसाठी दुसरे एक साधन उपयोगी पडते. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ते ओळखले जाते, १९७१ पासून. चार-सहा जाणत्या शिक्षकांनी एकत्र बसायचे. जेमतेम सुरक्षित म्हणता येईल अशी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणायची. मग प्रत्येक प्रश्नाबाबत विचारायचे, अशा शंभर मुलींपैकी कितीजणींना हे येईल? सर्वांच्या अंदाजांची सरासरी म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेची उत्तीर्णतेची रेषा. आपल्याकडे रेषा पन्नासवर खिळलेली आहे, मग याचा काय उपयोग, असे शिक्षक विचारतात. उपयोग उलट दिशेने करायचा. रेषा हलत नसेल तर प्रश्नपत्रिका हलवायची: जेमतेम सुरक्षित मुलगी जिथे पन्नासच्या आसपास थांबेल, इतकी ती सोपी किंवा कठीण करायची. अंतर्गत चाचण्या तर आपल्याच हातात आहेत.

मग येतो सर्वांत नाजूक भाग. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणारे अनुभवी परिचारक कमकुवत विद्यार्थ्यांनाही पास का करतात, हे त्यात त्यांनी तपासले. शंकेचा फायदा दिला जातो, तक्रार फार उशिरा मांडली जाते, लेखी नोंद नसते, आणि विद्यार्थ्याच्या आयुष्याची काळजी वाटते. हे वाचताना दूरचा देश वाटत नाही. आपल्याकडे मुलीच्या फीसाठी घरी कर्ज काढलेले असते, ती घराण्यातली पहिली शिकलेली असते, आणि ट्यूटर मॅडमना हे सगळे ठाऊक असते. त्यांची कणव खरी आहे, तिला कमी लेखता कामा नये. पण तिची जागा शेवटच्या परीक्षेत नाही. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यातच नेमके काय जमत नाही ते सांगणे, लिहून ठेवणे, पुन्हा करून घेणे, ही कणवेची योग्य जागा. मुलीला वेळेवर सांगितलेली चूक सुधारते; पास करून झाकलेली चूक तिच्यासोबत नोकरीवर जाते.

खान्देशचा आणखी एक प्रश्न या शाखेने हाताळायला हवा. जळगावच्या शासकीय रुग्णालयात, ज्याला गावकरी अजून सिव्हिलच म्हणतात, किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयात येणारा रुग्ण अहिराणी बोलतो, तावडी किंवा लेवा बोली बोलतो, सातपुड्यातून आलेला पावरी किंवा भिली बोलतो. यावल-चोपड्याकडची मुलगी दुखण्याची जागा, लघवीचा रंग, चक्कर कधी येते, हे त्याच्याच बोलीत विचारते आणि पाच मिनिटांत जे काढून घेते ते केसपेपरवर तासाभरात येत नाही. पण तिची परीक्षा इंग्रजीत असते. इंग्रजी विषयाला चाळीस गुण पुरतात खरे, तरी बाकीच्या विषयांचे ज्ञानही तिला इंग्रजीतूनच सिद्ध करावे लागते. अशा वेळी लेखी गुणांत दोन गोष्टी मिसळतात: परिचर्या किती येते आणि इंग्रजी किती येते. इंग्रजी टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. औषधांची नावे, डॉक्टरांच्या सूचना, नोंदी सगळे तिच्यातच आहे. पण ऑस्कीच्या एका टेबलावर अहिराणी किंवा पावरी बोलणारा रुग्ण बसवला, तर आज कुठेच न मोजले जाणारे एक खरे कौशल्य गुणपत्रिकेत येईल. सिकलसेलच्या वेदनेने कळवळणाऱ्या नंदुरबारच्या मुलाशी बोलता येणे, हे आपल्या भागात परिचर्येचेच अंग आहे.

जगात दुसरीकडे वेगळे रस्ते शोधले गेले आहेत. अमेरिकेत नोंदणीसाठीची एनक्लेक्स परीक्षा १९९४ पासून संगणकावर होते. प्रत्येक उत्तरानुसार पुढचा प्रश्न ठरतो. उमेदवार रेषेच्या वर आहे की खाली, याची पुरेशी खात्री पटली की परीक्षा थांबते, मग कुणाला पंच्याऐंशी प्रश्न येतात, कुणाला दीडशे. उत्तीर्ण झालेल्याला टक्के कळवले जात नाहीत, फक्त निकाल. टक्क्यांवर अभिमान बाळगणाऱ्या आपल्या घरांना हे कोरडे वाटेल, पण त्यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे: परवाना देताना एकच गोष्ट विचारायची असते. आपल्याकडेही २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. नियमांची घडी पुन्हा बसवली जाईल, तेव्हा वॉर्डात काम करणाऱ्यांना बोलता यावे, यासाठीही या शाखेची ओळख हवी.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. शिक्षकांनी तपासयादी आणि अनिवार्य पायऱ्यांवरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. विद्यार्थ्यांनी अंतर्गत गुणांवरचे प्रकरण आधी वाचावे. आपल्याला कोणत्या मापाने मोजले जाते, हे जाणून घेण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे, आणि शिक्षकांना ते विचारण्याचाही. इनचार्ज सिस्टरांसाठी लॉगबुकवरच्या सहीचे प्रकरण आहे. त्या सहीचा अर्थ 'मी हे पाहिले' असा असतो, आणि न पाहता केलेली सही हीही एक प्रकारची खोटी श्रेणीच.

उत्तीर्ण या शेऱ्याने आपण एका न पाहिलेल्या रुग्णाला शब्द देतो. तो शब्द पाळता यावा म्हणून विद्यार्थिनीला आधी शिकवणे, मग प्रामाणिकपणे मोजणे, आणि मोजमाप तिच्यापासून न लपवणे, एवढे तीन धर्म या शाखेचे आहेत. पुढच्या प्रॅक्टिकलच्या आधी आपल्या विभागातल्या सहकाऱ्यांनी एकत्र बसून, प्रत्येक कौशल्याच्या कोणत्या पायऱ्यांना माफी नाही, याची एक पानाची यादी करावी आणि ती विद्यार्थ्यांच्या सूचनाफलकावर लावावी. ज्यांनी ती यादी केली, त्यांचा या शाखेत प्रवेश झाला असे मी समजेन, आणि त्यांचे मनःपूर्वक स्वागत करीन.

मेहरूण, जळगाव