ललिता पवार : चरित्रभूमिकांच्या कारकिर्दीचा पुनर्विचार

हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात नायक-नायिकांना जे स्थान लाभले, ते चरित्र अभिनेत्यांच्या वाट्याला क्वचितच आले. ललिता पवार (१९१६-१९९८) यांच्याविषयीचे लेखन बहुधा एकाच घटनेपाशी घोटाळत राहते. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांच्या हातून जोराची थप्पड बसली, चेहऱ्यावर पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. त्यामुळे नायिकेची खलनायिका झाली, असे सांगितले जाते. ही घटना खरी असली, तरी तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष अपुरा वाटतो.

येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या काळात बालवयातच या व्यवसायात आल्या आणि बोलपटांत नायिका झाल्या. अपघातानंतर ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ (१९४४) मध्ये त्यांनी आनंदीबाई रंगविली. शांतारामांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील सासूने मात्र त्यांच्यावर जो शिक्का बसविला, तो अखेरपर्यंत पुसला गेला नाही.

या संदर्भात १९५५ हे वर्ष विशेष अभ्यसनीय आहे. त्या वर्षी गुरुदत्तांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्या पुरुषद्वेष्ट्या, घटस्फोटाच्या कायद्याचा कैवार घेणाऱ्या श्रीमंत सीतादेवी होत्या. हिंदू विवाह कायदा संमत झाला तोही याच वर्षी. स्त्रीच्या हक्काची भाषा बोलणाऱ्या बाईला चित्रपटाने हास्यास्पद ठरविले, हे आज खटकते. पण ललिताबाईंनी ती भूमिका ताठ मानेने, जराही विदूषकी न करता केली, म्हणूनच ती पोकळ वाटत नाही. त्याच वर्षीच्या ‘श्री ४२०’ मध्ये त्याच ललिताबाई पदपथावर केळी विकणारी गंगामाई आहेत. राज कपूर त्यांच्याहून अवघ्या आठ वर्षांनी लहान. तरीही मातृभाव कृत्रिम भासत नाही. अभिनेत्रींना अकाली ‘आई’ करण्याची व्यवसायाची ही रीत (पुरुष नटांना असली घाई कधी झाली नाही!) स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा ही या कारकिर्दीतील सर्वांत श्रेष्ठ भूमिका मानावी लागेल. भाडेकरूवर सतत डाफरणारी ही ख्रिस्ती घरमालकीण मनातून त्याला पुत्रवत मानते. कठोर आवाज आणि रोखलेली नजर ही ‘सासू’चीच सामग्री येथे वात्सल्यासाठी वापरलेली आहे. डोळ्यातील व्यंग नव्हे, तर त्यावरील नियंत्रण निर्णायक होते, हे या भूमिकेतून दिसते. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही गौरविले.

तथापि १९८७ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेसाठी त्यांच्याकडे भूमिका आली, ती मंथरेचीच.